वीस डोक्यांचा पेपर

बाई आल्या तेव्हा भावोजी स्टुलावर चढून बल्ब बदलत होते, त्यामुळे त्यांचं पहिलं वाक्य भावोजींनी वरूनच ऐकलं.

"माझ्या नवऱ्याने जीव दिला नाही, एवढं मला कुणीतरी सिद्ध करून द्या."

भावोजी मुकाट्याने खाली उतरले. असलं वाक्य ऐकून स्टुलावर उभं राहणं बरं दिसत नाही.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "पाणी प्या. रडायचं असेल तर आधी रडून घ्या, म्हणजे मग सगळं सलग सांगता येईल."

वहिनींची माया अशीच. आधी टोचते, मग उशिरा कधीतरी कळते. तीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेल्यावर दुसरं काय होणार! निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाची कामं सुरू केली आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या दिराला मदतीला घेतलं. मदत म्हणजे पिशव्या उचलणं, बल्ब बदलणं आणि मधूनमधून चुकीचा संशय घेणं. शेवटचं काम भावोजी मनापासून करत.

बाई रडल्या नाहीत. सरळ सांगू लागल्या.

त्यांचा नवरा एमआरआय मशीनवर मेंदूचं संशोधन करत असे. दोन वर्षांपूर्वी त्याचा एक पेपर मोठ्या नियतकालिकात छापून आला. स्मृती जाणाऱ्या माणसाच्या मेंदूतला बदल तीन वर्षं आधी चित्रात दिसतो, असं त्यात वीस माणसांच्या चित्रांवरून दाखवलं होतं. सगळीकडे वाहवा झाली. मग गेल्या महिन्यात एक निनावी तक्रार आली, की पेपरातली चित्रं बनावट आहेत. चौकशी बसायच्या आतच, दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी, तो जेवून संस्थेत गेला. सोमवारी सकाळी सात वाजता मशीनची खोली उघडली तर हा मशीनच्या फळीवर निजलेला. मेलेला. पोटात झोपेचं औषध. मशीनच्या बोगद्यात जायला घाबरणाऱ्या पेशंटला थेंबभर देतात तेच, पण बाटलीभर. छातीवर छापलेला कागद.

"कागदावर काय होतं?"

बाईंनी फोटोकॉपी पुढे केली. भावोजींनी वाकून वाचलं.

'तीन चित्रं खोटी आहेत. गेले आठ महिने मला हे ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. पेपरावर पहिलं नाव माझं आहे, तेव्हा ही लाजही माझी आहे.'

खाली सही नव्हती. वरच्या कोपऱ्यात दोन बारीक काळे ठिपके तेवढे होते. फोटोकॉपीवाल्याने काच पुसली नसणार, असं भावोजींना वाटलं. वहिनींनी मात्र त्या ठिपक्यांवर नख फिरवलं.

"आणि अंगावरच्या वस्तू?"

बाईंनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. एक रुमाल, संस्थेच्या दाराचं कार्ड, आणि चिकटपट्टीला चिकटलेली माशाच्या तेलाची एक पिवळी गोळी.

"ही त्याच्या कानशिलावर होती. चित्र काढताना लावतात. त्याने मलाही एकदा मशीनमध्ये झोपवलं होतं, तेव्हा माझ्या उजव्या कानशिलावर लावली होती." बाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "शवागारात मी त्याच्या डाव्या हाताशी उभी होते. माझ्यासमोरच, माझ्याच बाजूची ती पट्टी तिथल्या माणसाने ओढून काढली. कातडी ताणली गेली तशी मी ओरडले, हळू, त्याला दुखेल म्हणून."

वहिनींनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"कार्ड कुठे होतं?" थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं.

"शर्टाच्या खिशात. तेच घेऊन मी त्याचं सामान आणायला गेले तर दारच उघडेना. वॉचमन म्हणाला, आम्ही बंद नाही केलं, कार्डच मेलंय."

"पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाइल मिटवली. तुम्हाला का पटत नाही?"

"पटतं की नाही हा प्रश्नच नाही हो काकू. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. त्या रविवारी तो तिला पोहायला नेणार होता. ऐनवेळी म्हणाला, मला काम आहे. तर ती चिडून म्हणाली, जा, परत येऊच नकोस." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन आठवडे झाले. ताट वाढलं की ताटाकडे बघत बसते. काल म्हणाली, आई, मी बोलले म्हणून बाबा गेला ना? मी काय सांगू तिला? जन्मभर हेच उरावर घेऊन जगेल पोर."

वहिनी उठल्या आणि पिशवी उचलली.

"ही माझ्याकडे राहू दे. पट्टीला आता कुणी हात लावायचा नाही."

संस्थेत जायच्या आधी त्यांनी ती पिशवी इन्स्पेक्टरच्या हातात दिली. हा इन्स्पेक्टर त्यांना विम्याच्या दिवसांपासून ओळखत होता. "बाई, मिटलेली फाइल आहे," तो कुरकुरला. "मग उघडायला सोपी जाईल," वहिनी म्हणाल्या.

*

मशीन तळमजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत काचेची खिडकी, संगणक, औषधाचं कपाट, आणि पेशंटला आत न्यायची प्लास्टिकची चाकाची खुर्ची. टेक्निशियनबाई चाळिशीच्या, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. भावोजी सहज दाराकडे सरकले तर तिने त्यांची कॉलरच धरली.

"कुठे निघालात, काका? आधी खिसे!"

भावोजींच्या खिशातून किल्ल्या, पेन, चिल्लर, कात्री आणि बँकेचं कार्ड निघालं.

"अगंबाई, दुकानच घेऊन फिरता की! लोखंड उडून एखाद्याचं डोकं फोडेल. आणि कार्ड आत नेलंत तर पुसलं जाईल. चुंबक बंद होत नसतं, रात्रंदिवस चालू असतं."

"मेलेले साहेब खिसे रिकामे करायचे?" वहिनींनी विचारलं.

"ते? ते तर माझे गुरू. दर पंधरवड्याला स्वतःच आत झोपून मशीन तपासायचे. दारातच खिसे उलटे करायचे, मग गोळी लावायची, मग आडवं व्हायचं. नऊ वर्षांत क्रम चुकला नाही."

"ही गोळी कशासाठी लावतात?"

"चित्रात तेल पांढरंशुभ्र दिसतं. संगणकात चित्र उलटंपालटं झालं तर डावं कुठलं, उजवं कुठलं कळायला नको? म्हणून उजव्या कानशिलावर गोळी. माझ्या हातून गोळीशिवाय एक डोकं आत गेलेलं नाही."

"त्या सोमवारी तुम्हीच दार उघडलंत?"

तिचा चेहरा उतरला. "पाय पाहिले आणि तशीच बाहेर पळाले. पुढचं सगळं पोलिसांनी केलं. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून लोक माझ्याकडेही बघतात. दुसरी किल्ली वर ऑफिसात लटकलेली असते, हे कुणी बघत नाही. रविवारी मी घरी होते, एकटी. आता एकटीला साक्षीदार कुठून आणू?"

बाहेर येताच भावोजी कुजबुजले, "वहिनी, हीच! किल्ली हिची, औषध हिचं, साक्षीदार नाही."

"तुमचा संशय पहिल्या भेटणाऱ्यावरच असतो," वहिनी म्हणाल्या. "बरं झालं, तुम्ही टपाल खात्यातच राहिलात."

दुसरा भेटला तो आकडेमोड करणारा तरुण. त्याला सगळे 'आकडे' म्हणत आणि त्याचीही हरकत नव्हती. खोलीत एकही चित्र नव्हतं, नुसते रकाने.

"तक्रार मीच केली," त्याने बसायच्या आत सांगून टाकलं. "निनावी केली, कारण मला नोकरी टिकवायची होती. विसातल्या तीन माणसांचे आकडे दुसऱ्या तिघांशी जुळत होते. थोडेथोडके नाही, दशांशापर्यंत. फक्त डाव्याचं उजवीकडे आणि उजव्याचं डावीकडे. माणसं अशी नसतात."

"चित्रं पाहिली नाहीत?"

"मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. मशीनमधून आकडे येतात, मी मोजतो."

"आणि गोळी?"

"कसली गोळी? औषधाची?"

वहिनींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुमच्या तक्रारीने तो मेला असं वाटतं तुम्हाला?"

आकडेचे डोळे भरले. "झोप लागत नाही, काकू."

"रविवारी कुठे होतात?"

"इथेच, या खोलीत. मागच्या दाराची किल्ली आम्हा सगळ्यांकडे आहे. कोण आलं, कोण गेलं, मला पत्ता नाही."

तिसरे मोठे सर. विभागाचे प्रमुख. पेपरावर त्यांचं नाव शेवटी, म्हणजे त्या जगात सगळ्यांत वर. पुढच्या महिन्यात ते संस्थेचे संचालक होणार होते. भिंतीवर त्या पेपराचं पान भलंमोठं करून चौकटीत लावलेलं. वीस मेंदू, चार ओळींत.

"फार हुशार मुलगा," सर हळहळले. "पण हुशारीला घाई झाली की असं होतं. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता."

"ही चित्रं छापायला कुणी तयार केली?"

"त्यानेच. म्हणजे मी शेवटचा हात फिरवला. कडा नीट करणं, उजेड सारखा करणं, एवढंच."

"हा पांढरा ठिपका कसला?"

"ती खूण असते," सर शिकवायच्या सुरात म्हणाले. "ठिपका नेहमी डावीकडे. एवढं लक्षात ठेवलंत तरी चित्र वाचता येईल."

"तुम्ही मशीनवर काम करता?"

"छे हो! पंधरा वर्षं झाली, पेशंटला हात लावलेला नाही. आमचं काम डोक्याचं, हातांचं नव्हे."

"भावोजी," वहिनी वळल्या, "ठिपके किती आहेत मोजा बघू."

टपाल खात्यात जन्म गेलेल्या माणसाला मोजायला सांगणं म्हणजे मासोळीला पोहायला सांगणं. "सतरा," भावोजी म्हणाले.

"चष्मा पुसा. डोकी वीस आहेत."

भावोजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. सतराच.

"छपाईत जातात कधीकधी," सर हसून म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना मशीनच्या बाहेरच्या खोलीत बोलावलं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. इन्स्पेक्टर दाराशी. मधोमध खुर्चीवर भावोजी. आपल्याला तिथे का बसवलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती.

"या आमच्या दिरांचं चित्र काढायचं आहे असं समजा," वहिनी म्हणाल्या. "टेबलावर गोळ्या आहेत, चिकटपट्टी आहे. पेपरातल्या चित्रात असते तशी खूण प्रत्येकाने लावून दाखवा. आधी टेक्निशियनबाई."

ती पुढे आली आणि बोलता बोलताच भावोजींच्या उजव्या कानशिलावर गोळी चिकटवून मोकळी झाली. वहिनींनी ती काढून घेतली.

आकडे पुढे आला आणि गोळी चिमटीत धरून उभा राहिला. "कुठे लावू? नाकावर?" कुणी हसलं नाही. त्याने गोळी खाली ठेवली.

"आता सर."

"हा काय पोरखेळ आहे!" सर म्हणाले. पण सगळे बघत होते, आणि शिकवायची सवय सुटत नाही. त्यांनी डोळे किंचित मिटले, चित्र आठवल्यासारखे, आणि पट्टी अंगठ्याने दाबली. अंगठा गार होता. भावोजींनी हात वर करून चाचपलं.

डावं कानशील.

"वहिनी," ते घाबरून म्हणाले, "ही डावीकडे लागली."

"हो," वहिनी म्हणाल्या. "मेलेल्यालाही तिथेच लावली होती."

कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला.

"कागदापासून सांगते. एकच पान, तरी त्याच्या कोपऱ्यात स्टेपलरची दोन भोकं. एका पानाला कुणी टाचतं का? ते मोठ्या पत्राचं मधलं पान होतं. पेपर मागे घ्या म्हणून त्याने नियतकालिकाला लिहिलेलं पत्र. पुढच्या-मागच्या पानांवर चित्रं कुणी बदलली ते असणार, म्हणून ती पानं गायब झाली."

"आता खिशातलं कार्ड. मशीनने पुसलं, म्हणजे तो कार्डासकट आत गेला. नऊ वर्षं न चुकता खिसे रिकामे करणारा माणूस! तुम्ही म्हणाल, मरायला निघालेल्याला कार्डाचं काय? कबूल. पण मग त्याला गोळीचं तरी काय? ज्याला सवय पाळायची होती त्याने खिसे आधी रिकामे केले असते. ज्याला पाळायची नव्हती त्याने गोळी लावलीच नसती. म्हणजे गोळी दुसऱ्या कुणीतरी लावली. रोजच्यासारखा आपणहून आडवा झाला असं दिसावं म्हणून."

"कुणीही लावली असेल," सर म्हणाले.

"कुणीही नाही. टेक्निशियनबाईंचा हात झोपेतसुद्धा उजव्या कानशिलाकडे जाईल, आणि आधी खिशाकडे जाईल. आकडेला गोळी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. शिवाय चोरी त्यानेच उघड केली, मग तो त्या माणसाचं तोंड कशाला बंद करेल? बायकोला तर गोळी स्वतःच्या उजव्या कानशिलावर लागल्याचं आठवतं. राहिला असा माणूस, ज्याने हजारो चित्रं पाहिली पण पंधरा वर्षांत एकाही डोक्याला हात लावला नाही. टेक्निशियनबाई, चित्र कसं बघायचं ते सांगा यांना."

"पेशंट समोर तोंड करून आहे असं समजून," टेक्निशियनबाईचा आवाज कापत होता. "त्याचं उजवं आपल्या डाव्या हाताला येतं."

"म्हणजे चित्रात ठिपका डावीकडे दिसायला गोळी उजव्या कानशिलावर हवी. सरांना ठिपका पाठ होता, माणूस पाठ नव्हता. त्याच माणसाने तीन डोकी उलटी करून विसाची भरती केली. उलटल्यावर ठिपका उजवीकडे गेला, चोरी पकडली गेली असती, म्हणून ठिपकेच पुसले. विसात सतराच उरले. 'शेवटचा हात' कुणी फिरवला ते तुम्हीच मला सांगितलंत, सर."

"याला पुरावा म्हणत नाहीत!"

"हातमोजे घालून चिकटपट्टी लावता येत नाही, मोज्यालाच चिकटते. त्या रविवारच्या पट्टीवर, चिकट बाजूला, एक अंगठा उमटलाय. मेलेल्याचा नाही, टेक्निशियनबाईंचा नाही, शवागारातल्या माणसाचाही नाही. इन्स्पेक्टर, भावोजींच्या कानशिलावरची पट्टी जपून काढा. त्यांचे केस थोडेच राहिलेत."

सर खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर दुकानातल्या उरलेल्या कापडासारखा दिसला.

"तीनच डोकी होती," ते म्हणाले. "तीन माणसांनी ऐनवेळी अभ्यासातून नाव काढून घेतलं. वीस झाली नसती तर कुणी छापलं नसतं. निष्कर्ष खरा होता, मला खात्री होती... आठ महिन्यांपूर्वी त्याने पकडलं. मी म्हटलं, थांब, मला संचालक होऊ दे. थांबला. मग तक्रार आली आणि हा पत्र घेऊन आला. म्हणाला, उद्या पाठवतो, आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं. मला सर म्हणायचा. माझ्या हातचा चहा त्याने न बघता प्यायला."

कोपऱ्यातून बाई पुढे आल्या. भावोजींना वाटलं, आता ह्या मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "चाकाच्या खुर्चीतून आत नेलंत तेव्हा जिवंत होता?"

सरांनी मान खाली घातली. नाव मोठं आणि लक्षण खोटं, पण खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. इन्स्पेक्टरने त्यांच्या दंडाला धरलं.

*

बाईंनी घरी चला म्हटलं. त्यांना एकटीने सांगायची हिंमत होत नव्हती.

मुलगी खिडकीशी बसली होती. समोर ताट, त्यातलं सगळं गार झालेलं. बाई तिच्यापुढे जमिनीवरच बसल्या.

"बाबा आपणहून गेला नाही, बाळा. एका माणसाने त्याला मारलं. तो माणूस सापडला."

मुलगी ताटाकडेच बघत राहिली.

"आणि आणखी एक आहे. बाबाने एक चूक केली होती. त्याला खोटं कळलं होतं आणि तो आठ महिने गप्प बसला. त्यामुळे कित्येकांना चुकीचं सांगितलं गेलं असेल. त्या दिवशी तो ती चूक निस्तरायलाच गेला होता. तुला पोहायला न्यायचं सोडून. मला दोन्ही सांगायचं होतं."

दुसरं सांगायची काय गरज होती, असं भावोजींना वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

मुलीने आईऐवजी वहिनींकडे पाहिलं. शोधून काढलंय कुणी, हे पोरांना बरोबर कळतं.

"म्हणजे बाबा परत येणार होता?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

"किती वाजता?"

बाईंनी ओठ दाबून धरले. भावोजी फाइलमधलं पान न् पान आठवू लागले. वॉचमनचा जबाब, आकडेचा जबाब, सरांची कबुली. असं काही कुठेच नव्हतं. आणि वहिनी तर पुराव्याशिवाय आज कुठला वार आहे हेही सांगत नाहीत.

"पाच वाजता," वहिनी म्हणाल्या. "तलाव सहाला बंद होतो ना, म्हणून."

मुलगी तोंड उघडून रडली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. बाईंनी तिला मांडीवर ओढून घेतलं आणि दोघी तशाच हुंदके देत राहिल्या.

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर भावोजींना राहवेना.

"वहिनी, ते पाच वाजता... कुठल्या जबाबात होतं?"

"भावोजी," वहिनी पुढे बघत म्हणाल्या, "गप चला."

त्यांच्याकडे डोळे पुसायला रुमाल नव्हता. भावोजींनी आपला दिला आणि पुढचा सबंध रस्ता एक अक्षर विचारलं नाही.